दत्तकाचा दाता आणि परदेशाचें दार

सिंदखेड राजा हें बुलढाणा जिल्ह्यांतील गांव जिजाबाईंच्या जन्मामुळें महाराष्ट्रांत सर्वतोमुखीं झालें आहे. या गांवच्या कन्येच्या पुत्रानें जें राज्य स्थापिलें, त्याची साताऱ्याची गादी पुढें कशाच्या बळावर टिकली, याचा विचार मात्र थोडेच लोक करितात. ती दत्तकाच्या बळावर टिकली. रामराजांस औरस पुत्र नसल्यामुळें इ. स. १७७७ मध्यें दुसरे शाहू दत्तक आले. प्रतापसिंह व आप्पासाहेब हे त्यांचेच पुत्र. इ. स. १८४८ मध्यें आप्पासाहेबांनीं मरणसमयीं दत्तक घेतला, तेव्हां लॉर्ड डलहौसीच्या सरकारनें तो राज्याचा वारस म्हणून मानण्याचें नाकारिलें. दत्तकास खाजगी मालमत्ता मिळेल, पित्याचें श्राद्ध करितां येईल. पण राज्यावर हक्क सांगावयाचा तर सार्वभौम सरकारची संमति पाहिजे, असा त्या वेळचा युक्तिवाद होता.

पांचच वर्षांनीं हा प्रसंग वऱ्हाडाच्या शेजारीं घडला. इ. स. १८५३ च्या मे महिन्यांत निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें, व त्याबरोबर आजचा बुलढाणा जिल्हाही आला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत नागपूरचे तिसरे रघूजी भोसले औरस पुत्रावांचून वारले. मागें राहिलेल्या राण्यांचा दत्तकाचा हक्क न मानतां पुढल्या वर्षीं तें राज्य खालसा करण्यांत आलें. घरानें ज्याला पुत्र म्हटलें त्याला राज्यानें पुत्र म्हणावें कीं नाहीं, हा प्रश्न आमच्या लोकांनीं प्रथम असा रोकडा पाहिला.

हा प्रश्न आतां इतिहासजमा झाला, असें वाचकांस वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. राजवाड्यांतून निघून तो साध्या गृहस्थाच्या घरीं आला आहे, आणि तेथें त्याचें नांव ‘व्हिसा’ असें आहे. आपल्या जिल्ह्यांतील मूल दत्तक घेऊन जे अमेरिकेंत नेऊं इच्छितात, त्यांस घराचा कायदा आणि सरहद्दीचा कायदा यांतील अंतर किती मोठें आहे तें कळून येतें. हें अंतर नीट समजावें यासाठीं दोन्ही कायद्यांचीं मुळें पाहिलीं पाहिजेत.

आपल्या धर्मशास्त्रांत दत्तक हें दान आहे. दान म्हटलें कीं दाता आला. पुत्र देण्याचा अधिकार जनक पित्यास व मातेसच. तो दुसऱ्या कोणासही नाहीं. म्हणून ज्याचे आईबाप मेले आहेत असें मूल दत्तक देतां येत नसे, कारण तें देणार कोण? टाकून दिलेल्या मुलाची हीच गत. मुलगी तर सामान्यतः दत्तक घेतांच येत नसे. इ. स. १८९९-१९०० च्या दुष्काळानें वऱ्हाडांत हाहाकार उडविला. त्या काळांत एखादी पोर रस्त्यावर निराधार सांपडली असती, तर दयाळू माणसानें तिला जेवूं घातलें असतें, वाढविलें असतें; पण शास्त्राच्या अर्थानें ती त्याची कन्या कधींही झाली नसती. ज्या मुलाला घराची सर्वांत अधिक गरज, त्यालाच घर देणें या कायद्याला साधत नव्हतें.

ही उणीव भरून निघण्यास स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडावा लागला. इ. स. १९५६ च्या हिंदु दत्तक व निर्वाह अधिनियमानें मुलगी दत्तक घेण्याची मोकळीक दिली. इ. स. १९६२ च्या दुरुस्तीनें टाकून दिलेलें किंवा आईबाप ठाऊक नसलेलें मूल न्यायालयाच्या परवानगीनें पालकास दत्तक देतां येऊं लागलें. परंतु हा कायदा हिंदूंपुरता. परदेशांतील ख्रिस्ती दांपत्यास तो उपयोगी नव्हता. तें दांपत्य इ. स. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखालीं मुलाचें केवळ पालक होई, मूल आपल्या देशीं नेई आणि तेथें दत्तविधान करी. म्हणजे मूल येथून निघतांना कोणाचेंच नसे; तेथें पोंचल्यावर कोणाचें तरी होईल, एवढ्या भरंवशावर त्यास पाठवीत.

आतां दुसऱ्या बाजूचें दार पाहूं. अमेरिकेनें इ. स. १९१७ च्या कायद्यानें हिंदुस्थानसह आशियाच्या मोठ्या भागांतील लोकांस वसाहतीसाठीं येण्याची मनाई केली. इ. स. १९४६ मध्यें ती सैल झाली, ती वर्षाला १०० हिंदी माणसांपुरती. महायुद्धानंतर युरोपांतील व मागाहून कोरियांतील अनाथ मुलांसाठीं तेथें तात्पुरते कायदे झाले, इ. स. १९६१ मध्यें अनाथ मुलाच्या व्हिसाची तरतूद कायमची करण्यांत आली. वाचकांनीं येथें एका शब्दाकडे लक्ष द्यावें: ‘अनाथ’. ज्याला आमच्या जुन्या शास्त्रानें दत्तकांतून वगळिलें, त्याच्यासाठींच त्या देशानें दार उघडलें. आणि ज्याला आमचें शास्त्र उत्तम दत्तक मानी, म्हणजे धडधाकट आईबापांनीं राजीखुशीनें दिलेला भावाचा मुलगा, त्याच्यापुढें तें दार लागलेलेंच राहिलें.

एक उदाहरण कल्पूं. चिखलीच्या एका कुटुंबांतील वडील बंधू अमेरिकेचे नागरिक झाले आहेत; त्यांना मूल नाहीं. धाकट्या बंधूंना तीन मुलगे. दोन्ही घरांच्या संमतीनें मधला मुलगा द्यावयाचें ठरतें. भटजी येतात, होम होतो, दत्तपत्राची नोंदणी होते. त्या दिवसापासून मुलगा चुलत्याचा झाला, याविषयीं गांवांत कोणाला शंका नाहीं. मग वकिलातींत विचारतात, “मुलाचे जनक आईबाप हयात आहेत काय?” आहेत. “ते त्याचें योग्य संगोपन करण्यास असमर्थ आहेत काय?” धाकटे बंधू या प्रश्नानें खिन्न होतात. आपण आपल्या मुलास पोसूं शकत नाहीं, असें लिहून देणें त्यांस खोटें वाटतें, आणि तें खोटेंच असतें. परंतु दोन्ही जनक आईबाप हयात असतां त्यांच्या असमर्थतेवांचून तेथील कायदा या मुलास दत्तक पुत्र म्हणून व्हिसा देत नाहीं. शिवाय क्रमाची अडचण आहेच: भावी आईबापांची योग्यता आधीं ठरली पाहिजे, मग मुलाविषयीं तात्पुरती मान्यता मिळाली पाहिजे, आणि दत्तविधान त्यानंतर व्हावें. आमच्या कुटुंबानें शेवटची पायरी सर्वांत आधीं चढलेली असते. मुलाबरोबर दोन वर्षें राहून त्याचा कायदेशीर ताबा ठेवल्याची एक निराळी वाट आहे खरी. पण ज्याचा संसार व नोकरी अमेरिकेंत आहे त्याला ती फारशी उपयोगी पडत नाहीं.

हा सरकारी हेकटपणा आहे, असें म्हणून मोकळें होणें सोपें आहे. परंतु नियम कां झाले तेंही पाहिलें पाहिजे. परदेशी दत्तकाच्या नांवाखालीं मुलांचा व्यापार चालतो, अशी तक्रार लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनीं पत्रानें सर्वोच्च न्यायालयापुढें मांडली. तीवर इ. स. १९८४ मध्यें न्यायमूर्ति भगवती यांनीं निकाल दिला. मुलासाठीं आधीं स्वदेशांत घर शोधावें व परदेशीं पाठवावयाचें तर मान्य संस्थांच्या द्वारें पाठवावें, हें त्याचें सार होय. त्यांतून इ. स. १९९० मध्यें केंद्रीय दत्तक संस्था निघाली. इ. स. १९९३ चा हेगचा आंतरराष्ट्रीय करार भारतानें २००३ मध्यें स्वीकारला व अमेरिकेंत तो २००८ पासून लागू झाला. राजीखुशीचें दान आणि पैसे घेऊन केलेलें दान हीं कागदावर सारखींच दिसतात; म्हणून सरहद्दीवरचा अधिकारी दात्याकडे संशयानें पाहतो.

या व्यवस्थेंत बुलढाण्याचाही वांटा आहे. इ. स. २०२१ च्या दुरुस्तीप्रमाणें, जी १ सप्टेंबर २०२२ पासून अमलांत आली, अनाथ किंवा सोडून दिलेल्या मुलाच्या दत्तकाचा हुकूम न्यायालयाऐवजीं जिल्हाधिकारी देतात. बालकल्याण समितीनें मूल दत्तकास मोकळें ठरविणें, देशांत घर न मिळाल्यास परदेशी कुटुंब निवडणें, केंद्रीय संस्थेचें ना-हरकत पत्र, जिल्हाधिकाऱ्यांचा हुकूम, कराराप्रमाणें दाखला, पारपत्र, वैद्यकीय तपासणी आणि शेवटीं व्हिसा, असा हा क्रम आहे. दत्तक येथेंच पूर्ण करून नागरिक आईबापांबरोबर राहण्यास निघालेलें अज्ञान मूल अमेरिकेंत पाऊल टाकतांच त्या देशाचें नागरिक होतें. ही सोय २७ फेब्रुवारी २००१ रोजीं अमलांत आली. त्या दिवशीं ज्यांचें वय अठरा किंवा अधिक होतें, त्यांस तिचा लाभ नाहीं. लहानपणीं दत्तक गेलेल्या, तेथेंच वाढलेल्या अशा कित्येकांस आईबापांनीं नागरिकत्वाचा कागद पुरा न केल्यामुळें प्रौढपणीं आपण परके आहोंत असें कळलें, आणि कांहींस त्या देशांतून घालवूनही देण्यांत आलें.

साताऱ्याचा व नागपूरचा नकार आणि आजचा नकार यांस आम्ही एका मापानें मोजीत नाहीं. त्या नकारामागें राज्याचा लोभ होता. आजच्या नियमामागें पुष्कळ अंशीं मुलाची काळजी आहे. परंतु दोन्ही वेळां निर्णय ज्याच्याविषयीं झाला त्याला कोणी विचारलें नाहीं. धर्मशास्त्र विचारीत होतें, देणारा कोण? सरहद्द विचारते, देणारा खरोखर असमर्थ आहे काय? मुलाला कोणत्या घरीं वाढावयाचें आहे, हा प्रश्न दोन्हींकडे मागें पडतो. एवढें खरें, कीं सोडून दिलेल्या पोरीसाठीं १९०० मध्यें जो मार्गच नव्हता तो आज आहे. तो लांब आहे, पण पुरा होतो. भावाच्या मुलाविषयीं आमचें सांगणें निराळें आहे. वऱ्हाडांतील कुटुंबांनीं होमाची तिथि काढण्यापूर्वीं परदेशच्या कायद्याची चौकशी करावी. नाहीं तर मुलगा एका घरांतून विधिपूर्वक निघतो, दुसऱ्या घरीं पोंचत नाहीं, आणि वर्षानुवर्षें चुलत्याचा म्हणवून बापाच्याच ओसरीवर शाळेचा अभ्यास करीत बसतो.