बोरिवलीचं जंगल वाचलं ते पाण्यामुळे

सुट्ट्या लागल्या की इनबॉक्समध्ये हमखास एक प्रश्न येतो. "दादा, पोरांना घेऊन जंगलात चालायला जायचंय, फार चढ नको, एका दिवसात परत यायचंय, कुठे जाऊ?" माझं उत्तर ठरलेलं असतं. बदलापूरहून गाडी पकडा, दादरला पूल ओलांडा, बोरिवलीला उतरा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. मुख्य गेटपासून कान्हेरीपर्यंत साधारण सहा किलोमीटरचा डांबरी रस्ता आहे, दोन्ही बाजूंना झाडी. आजी-आजोबाही चालू शकतात, दमले तर बस आहे, सायकल भाड्याने मिळते.

पण यावेळी पत्ता सांगून थांबत नाही. एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात जवळपास १०४ चौरस किलोमीटर जंगल शिल्लक कसं राहिलं, हे सांगायचंय. बिल्डरांना ते दिसलं नाही असं तर नाही ना! आणि कोणाचं झाडांवर प्रेम होतं म्हणून वाचलं, असंही नाही.

आधी जुनी मुंबई बघा. विहिरी आणि तलावांवर जगणारं गाव होतं ते. धोबीतलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक ही नावं आपण बसवर रोज वाचतो, तिथे खरोखर तलाव होते. वस्ती वाढली, तलाव घाण झाले, उन्हाळ्यात तळाला गेले. १८५४ च्या टंचाईत तर शहरातली गुरं माहीमकडे हलवायची आणि पाणी बाहेरून आणायची वेळ सरकारवर आली. मग हेन्री कॉनीबेअर या इंजिनिअरची योजना पुढे सरकली. साष्टीच्या डोंगरात, मिठी नदीच्या उगमाकडे बांध घालायचा आणि नळाने पाणी शहरात आणायचं. १८५६ मध्ये काम सुरू झालं, १८६० मध्ये विहार तलाव पुरा झाला. मुंबईला नळाचं पाणी मिळालं ते तिथून. पुढे १८७९ मध्ये तुळशी तलाव झाला.

आता मुद्दा लक्षात घ्या. तलाव स्वच्छ ठेवायचा तर त्याच्यात उतरणारं पाणी स्वच्छ हवं. म्हणजे भोवतालच्या उतारावर वस्ती नको, शेती नको, गुरं नकोत. पाणलोटाची जमीन ताब्यात घेऊन बंद केली गेली. उद्देश नळाचा होता. जंगल त्या बंदोबस्तात आपोआप वाढलं. उद्यान-बिद्यान ही भाषा फार नंतरची. मुंबई राज्याचा राष्ट्रीय उद्यानांचा कायदा १९५० चा. तेव्हाचं कृष्णगिरी उद्यान आजच्या मानाने छोटंसं होतं, सुमारे २० चौरस किलोमीटरचं. मग भोवतालची राखीव वनं जोडत जोडत, नाव बदलत बदलत, ते आजच्या आकाराला आलं. ठाण्याच्या बाजूचं येऊर आणि वसईच्या खाडीपलीकडचा नागला भागही त्यातच येतो.

कृष्णगिरी हे नाव कान्हेरीचंच. आणि पाण्याची गोष्ट खरं तर तिथून सुरू होते, इंग्रजांपासून नाही. शंभरावर लेणी आहेत, इसवी सनाच्या सुरुवातीच्या आसपासपासून पुढे हजारेक वर्षं तिथे भिक्खूंचा राबता होता. आपण जातो, तीन नंबरच्या लेण्यातल्या त्या उंच बुद्धमूर्तींसमोर फोटो काढतो, आणि परत फिरतो. पुढच्या वेळी लेण्याच्या दारात जरा खाली बघा. कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं असतं. वरच्या खडकातून बारीक पन्हळी कोरून पावसाचं पाणी त्या टाक्यात उतरवलेलं आहे. शिलालेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हटलंय. कोणी लेणं दान दिलं, कोणी पोढी दान दिली, असं चक्क दगडावर लिहून ठेवलंय. आणि देणारे कोण? सोपाऱ्याचे, नाशिकचे, आणि आपल्या कल्याणचे व्यापारी! कल्याणच्या माणसाने डोंगरातल्या अनोळखी भिक्खूच्या पाण्याची सोय केली, हे वाचून मला दरवेळी बरं वाटतं. (आज उलट आहे. भातसा, तानसा, मोडकसागर इथलं पाणी मुंबईला जातं आणि शहापूरच्या पाड्यांवर एप्रिल उजाडला की टँकर. असो.)

तर, इंग्रजांच्या बंदोबस्ताने जंगल वाचलं. पण त्याची किंमत कोणी दिली, हेही त्याच दमात सांगायला हवं. वारली, कोकणा, मल्हार कोळी ही माणसं त्या डोंगरात उद्यानाच्या आधीपासूनची. नवापाडा, रावणपाडा, चुनापाडा ही नावं आजही आहेत. तुम्ही तिकीट काढून ज्या रस्त्याने चालता, तो त्यांचा रोजचा रस्ता. वाघोबा हा त्यांचा देव, म्हणजे बिबट्याबरोबर कसं राहायचं हे त्यांना कोणी शिकवायला लागलं नाही. २०१५ च्या कॅमेरा-ट्रॅप मोजणीत इथे ३५ बिबटे मोजले गेले होते. एवढे बिबटे आणि भोवती एवढी माणसं असं जंगल जगात शोधून सापडणार नाही. तरी घराला पत्रा बदलायचा, वीज-पाणी मागायचं म्हटलं की कायदा आडवा येतो तो आधी त्यांनाच.

मग नव्वदचं दशक. जंगलाच्या कडा झोपड्यांनी भरल्या होत्या. १९९५ मध्ये बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुप ही संस्था हायकोर्टात गेली, १९९७ मध्ये अतिक्रमणं काढायचा आदेश आला आणि हजारो घरांवर बुलडोझर फिरले. आपल्याकडच्या थोड्याच लोकांना आठवत असेल, त्या कुटुंबांना हलवायला आधी कल्याणजवळच्या शिरढोणचं नाव पुढे आलं होतं. कांदिवली-मालाडला धुणीभांडी करणाऱ्या बाईने रोज शिरढोणहून जायचं! ते बारगळलं, पुढे चांदिवलीत घरं झाली. कोर्टाचा आदेश चुकीचा होता असं मी म्हणत नाही. तो नसता तर आज तुम्हाला चालायला रस्ताच उरला नसता, हे खरंच आहे. पण त्याच डोंगराच्या कडेला उभ्या राहिलेल्या टॉवरच्या जाहिरातीत 'नॅशनल पार्क व्ह्यू' म्हणून जास्त भाव लावलेला बघितला की कोणाचं घर अतिक्रमण आणि कोणाचं घर 'व्ह्यू', हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

आरेचं तर सगळ्यांसमोर घडलं. १९४९ मध्ये शहरातले म्हशींचे गोठे बाहेर काढून ती दूध वसाहत वसवली, उद्यानाला अगदी चिकटून. कागदावर ते जंगल नव्हतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांवर झाडं दोन रात्रींत पडली, सुप्रीम कोर्टाने थांबवेपर्यंत काम उरकलं होतं. पलीकडे, तलावाच्या पाणलोटात, झाड पाडायला एवढं सोपं गेलं नसतं. फरक झाडांत नाही, सात-बाऱ्यावर काय लिहिलंय त्यात आहे.

आता जंगलाच्या खालून बोगदे चाललेत, एक ठाणे-बोरिवली, एक गोरेगाव-मुलुंड. वरचं झाड तुटत नाही हे बरंच आहे, आणि घोडबंदरला दोन दोन तास अडकणाऱ्या माणसाला मी बोगदा नको कसं सांगू? मात्र एक हिशोब मांडून ठेवा. मुंबईला रोज पुरवल्या जाणाऱ्या सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाण्यात विहार आणि तुळशी मिळून जेमतेम तीन टक्के देतात. ज्या कारणाने हे जंगल दीडशे वर्षं कोणी हात न लावता ठेवलं, ते कारण आता तीन टक्क्यांचं उरलंय. तेव्हा यापुढे ते कोणत्या कारणाने ठेवायचं, याचं उत्तर रविवारी तिथे चालायला जाणाऱ्या माणसांनाच द्यावं लागेल. सकाळी पास काढून चालणारे बोरिवलीकर ते देतातही, बारीकसं काही हललं तरी बोंब मारतात.

आपल्याकडे कोण बोंब मारतं? बारवी धरण १९७२ चं, एमआयडीसीचं. उंची वाढवली तेव्हा तोंडलीसारखी गावं पाण्याखाली गेली, नोकरीच्या आश्वासनासाठी तिथल्या माणसांनी किती वर्षं खेटे घातले ते आपण बातम्यांत छापलंय. म्हणजे किंमत मोजून झाली. धरणाभोवती जंगलही आहे, सागाचं, ऐनाचं, पावसाळ्यात तर बघत राहावं असं. पण लहान मुलाला हात धरून निर्धास्त चालवता येईल अशी एक आखलेली वाट तिथे नाही. आहेत त्या पावसाळ्यातल्या पार्ट्या, बाटल्या, आणि दरवर्षी कोणीतरी बुडाल्याची बातमी. मग कलेक्टरची बंदी येते, ती पाऊस संपला की उठते, पुढच्या वर्षी परत. वनखातं, एमआयडीसी आणि नगरपालिका, तिघांनी एकदा एकत्र बसून दोन किलोमीटरची वाट, एक वनरक्षक आणि विस्थापित गावांतल्या चार पोरांना गाईडचं काम एवढं ठरवायचंय. खर्च एका चौकाच्या सुशोभीकरणाहून कमी येईल. या प्रश्नावर मी तिन्ही ठिकाणी अर्ज देतोय, पोहोच मिळाली की इथे टाकेन. ज्यांना सही करायची आहे त्यांनी कमेंटमध्ये नाव लिहा.

तोवर बोरिवलीला जा. सोमवारी बंद असतं, रविवारी फार गर्दी, त्यामुळे शनिवारी सकाळी लवकर. शिलोंड्याच्या वाटेला जायचं असेल तर उद्यानाची परवानगी आणि सोबत माणूस लागतो, परस्पर घुसू नका. माकडांसमोर डबा उघडू नका. कारवी फुललेली २०२४ मध्ये हुकली असेल तर आठ वर्षं थांबा. आणि कान्हेरीला पोरांना पोढी नक्की दाखवा, आत वाकून बघू द्या, पण हात धरून.