उथळ समुद्रातील गळाची मासेमारी : गाईड ठरवण्यापूर्वी

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुला-नातवंडांकडे जाणाऱ्या मराठी कुटुंबांच्या सहलीत फ्लोरिडा हे नाव हमखास असते. ओरलँडोची मनोरंजननगरी, मायामीचा किनारा आणि तेथून पुढे की वेस्ट असा हा ठरलेला मार्ग. मायामीच्या दक्षिणेकडून निघालेला ‘ओव्हरसीज हायवे’ पुलामागून पूल ओलांडत ज्या बेटांच्या माळेतून जातो, त्या ‘फ्लोरिडा कीज’ म्हणजे गळाने मासेमारी करणाऱ्यांची पंढरी होय. या रस्त्यावरून जाताना दोन्ही बाजूंना फिकट हिरवे, काचेसारखे नितळ पाणी दिसते. त्यात कडेला एखादी लहानशी होडी, तिच्या मागच्या उंच फलाटावर लांब काठी घेऊन उभा असलेला एक माणूस आणि पुढच्या टोकावर हातात गळ घेऊन स्तब्ध उभा असलेला दुसरा, हे दृश्य अनेकांनी पाहिलेले असते. या प्रकाराला ‘फ्लॅट्स फिशिंग’ म्हणतात. एका दिवसासाठी यात मोठी रक्कम खर्च होते आणि मासा मिळेलच याची हमी कोणीही देत नाही. त्यामुळे आरक्षण करण्यापूर्वी काही गोष्टी नीट समजून घेणे इष्ट ठरते.

फ्लॅट्स म्हणजे काय?

किनाऱ्यालगत किंवा बेटांच्या मध्ये समुद्रतळाची विस्तीर्ण, उथळ पठारे असतात. तळाशी वाळू, मऊ चिखल किंवा समुद्री गवत असते आणि पाणी घोट्यापासून फार तर छातीपर्यंत असते. यांनाच फ्लॅट्स म्हणतात. भरतीचे पाणी चढू लागले की खेकडे, कोळंबी आणि लहान जीव खाण्यासाठी मोठे मासे खोल पाण्यातून या पठारांवर येतात. ओहोटी लागली की परततात. खोल समुद्रातील मासेमारीत गळ टाकून वाट पाहिली जाते. येथे मात्र आधी मासा डोळ्यांनी शोधायचा आणि मग त्याच्या वाटेवर अचूक गळ टाकायचा, अशी पद्धत आहे. म्हणूनच ती शिकारीच्या अधिक जवळची मानली जाते.

फ्लोरिडात यासाठी तीन मासे प्रमुख मानले जातात. बोनफिश हा चांदीसारखा चकचकीत, अतिशय भित्रा आणि वेगवान मासा. तळातील भक्ष्य टिपताना तो तोंड खाली करतो आणि त्याची शेपटी पाण्याबाहेर येते. परमिट हा चपटा, मोठ्या डोळ्यांचा मासा. तो खेकड्यावर तुटून पडतो, पण गळाला लागणे महाकठीण. तिसरा टारपन. शंभर पौंडांहून अधिक वजनाचा टारपन येथे नवलाचा नाही. गळ लागताच तो पूर्ण पाण्याबाहेर उसळी घेतो. त्या क्षणी दोरी ताणून न धरता काठी माशाच्या दिशेने खाली झुकवायची असते, अन्यथा दोरी तुटते. टारपनच्याच कुळातील एक लहान जात भारतीय किनाऱ्यावरही आढळते.

गाईड कशासाठी?

नवख्या माणसाला या पाण्यात मासा दिसतच नाही. दिसते ती केवळ एक पुसट सावली किंवा पाण्यावरची किंचित थरथर. कोणत्या भरतीला, कोणत्या वाऱ्यात, कोणत्या पठारावर मासे येतील हे वर्षानुवर्षांच्या अनुभवानेच कळते. कीजच्या अटलांटिककडील बाजूस भरती-ओहोटीतील फरक जेमतेम दोन फुटांच्या आसपास असतो, तर फ्लोरिडा उपसागराच्या आतील भागात तो जवळजवळ नसतोच. तेथे पाणी वाऱ्याने हलते. मुंबईच्या किनाऱ्यावरील उधाणाची भरती पाहिलेल्या माणसाला हा फरक क्षुल्लक वाटेल. पण एक फूट पाण्यात चरणाऱ्या माशासाठी सहा इंच म्हणजे फार मोठा बदल असतो.

गाईडची होडी साधारण सोळा ते अठरा फूट लांबीची आणि एक फुटाहूनही कमी पाण्यात तरंगणारी असते. पठाराजवळ आल्यावर इंजिन बंद करून गाईड अठरा-वीस फुटी काठीने ती निःशब्द ढकलत नेतो. इंजिनावरील उंच फलाटावरून त्याला दूरचे दिसते. तो माशाची जागा घड्याळाच्या भाषेत सांगतो. होडीचे पुढचे टोक म्हणजे बारा वाजले असे धरून ‘दहा वाजता, चाळीस फूट’ अशी सूचना मिळते आणि काही सेकंदांत गळ तेथे पडावा लागतो. होडीत बहुधा दोनच पाहुणे घेतात आणि एका वेळी एकच जण गळ टाकतो. चौघांच्या कुटुंबाला त्यामुळे दोन होड्या लागतात, हे खर्चाचा अंदाज घेताना लक्षात ठेवावे.

हंगाम आणि तारीख

टारपनचा मुख्य हंगाम एप्रिल ते जून. बोनफिशसाठी वसंत आणि शरद हे दोन्ही काळ चांगले समजले जातात. हिवाळ्यात उत्तरेकडून थंड वारे आले की उथळ पाणी झपाट्याने गार होते आणि मासे खोल पाण्यात निघून जातात. १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम असतो. १० सप्टेंबर २०१७ रोजी ‘अर्मा’ चक्रीवादळ कीजमधीलच कजो की या बेटावर धडकले होते. उन्हाळ्यात दुपारी विजांसह पाऊस येणे ही तर नित्याचीच बाब. उघड्या पाण्यात हातात लांब काठी घेऊन उभ्या माणसाला वीज हा खरा धोका असल्याने त्या दिवसांत सकाळची फेरी घेणे शहाणपणाचे.

नामांकित गाईडचे एप्रिल ते जूनमधील दिवस त्यांचे नेहमीचे ग्राहक अनेकदा वर्षभर आधीच राखून ठेवतात. तारीख ठरवताना केवळ विमानाच्या तिकिटाकडे न पाहता भरतीची वेळ गाईडला विचारावी. शक्य असल्यास एकाऐवजी लागोपाठचे दोन दिवस घ्यावेत. माशाला पाहण्यासाठी ऊन लागते. ढगाळ हवा आणि जोराचा वारा यांनी पहिला दिवस वाया गेला, तर दुसरा हाताशी राहतो.

खर्चाचा हिशेब

कीजमध्ये चार तासांच्या अर्ध्या दिवसाला साधारण ५०० ते ७०० डॉलर, तर आठ तासांच्या पूर्ण दिवसाला ७०० ते १,००० डॉलर किंवा त्याहून अधिक आकारणी होते. ही रक्कम माणशी नसून होडीची असते. गळ, दोरी, आमिष आणि इंधन बहुधा त्यात धरलेले असते. तरीही विचारून घ्यावे. याखेरीज १५ ते २० टक्के बक्षिसी देण्याची तेथे रूढी आहे. आपल्याकडे बक्षिसी ऐच्छिक मानली जाते. तेथे ती गाईडच्या उत्पन्नाचा भाग समजली जाते. मासा न मिळाल्यास ती देऊ नये हा समजही बरोबर नाही. गाईड माशाची नव्हे, आपल्या कष्टांची आणि जाणकारीची किंमत घेतो.

परवान्याचा प्रश्नही येथेच निकालात काढावा. फ्लोरिडात परवानाधारक गाईडच्या होडीतील पाहुण्यांना त्या होडीच्या परवान्याचे संरक्षण मिळते. वेगळा परवाना लागत नाही. मात्र त्याच सहलीत किनाऱ्यावरून किंवा पुलावरून स्वतःच गळ टाकायचा असेल, तर परराज्यातील व परदेशी व्यक्तीला खाऱ्या पाण्याचा परवाना काढावा लागतो. तो ३ दिवस, ७ दिवस किंवा वर्षभरासाठी मिळतो.

आरक्षणापूर्वी विचारावयाचे प्रश्न

पहिला प्रश्न परवान्याचा. पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्या होडीच्या चालकाकडे अमेरिकी तटरक्षक दलाचा कॅप्टनचा परवाना असावा लागतो. होडीचा विमा आहे का, हेही विचारावे. एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत जायचे असेल, तर गाईडकडे उद्यानाची व्यावसायिक परवानगी असणे आवश्यक आहे. असे प्रश्न विचारल्याने चांगला गाईड रागावत नाही.

दुसरा प्रश्न रद्द करण्याच्या अटींचा. आगाऊ रक्कम किती, किती दिवस आधी कळवल्यास ती परत मिळेल, हवामानामुळे फेरी रद्द झाल्यास पैसे परत मिळणार की दुसरी तारीख मिळणार, हे ई-मेलवर लेखी घ्यावे. हवामानाचा अंतिम निर्णय कॅप्टनचा असतो आणि तो असाच असावा. परंतु भारतातून महिनाभरासाठी गेलेल्या माणसाला ‘पुढच्या वर्षीची तारीख’ मिळून काहीच उपयोग नसतो. येथेच बहुतेकांची निराशा होते.

तिसरा प्रश्न स्वतःला विचारावयाचा. आपल्याला गळ टाकता येतो का? पिसांच्या कृत्रिम माशीने, म्हणजे ‘फ्लाय’ने, गळ टाकणे ही सरावाने येणारी कला आहे. ती येत नसल्यास तसे स्पष्ट सांगावे. साध्या फिरकीच्या गळाला जिवंत कोळंबी लावून नवखा माणूसही बोनफिश पकडू शकतो. येत असूनही बढाई मारू नये. चाळीस फूट गळ टाकणाऱ्याने सत्तर फूट सांगितले, तर गाईड त्या हिशेबाने होडी उभी करतो आणि दिवस फुकट जातो. जाण्यापूर्वी मैदानावर आठवडाभर सराव केल्यास त्याचे मोल कोणत्याही महागड्या साहित्याहून अधिक.

ज्येष्ठ नागरिक आणि मुले बरोबर असतील, तर आणखी एक बाब आधीच जाणून घ्यावी. या होड्यांवर स्वच्छतागृह नसते, सावलीही नसते. अशा वेळी अर्धा दिवस पुरे. फ्लोरिडाच्या कायद्यानुसार चालत्या लहान होडीत सहा वर्षांखालील मुलाने जीवरक्षक जाकीट घातलेच पाहिजे. मापाचे जाकीट आहे का, ते विचारावे. शाकाहारींनी आपला डबा बरोबर न्यावा. डब्यात केळी मात्र नकोत. होडीवर केळे अपशकुनी, अशी तेथील मच्छीमारांची जुनी समजूत आहे.

काय न्यावे?

सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे पोलराइज्ड चष्मा. पाण्यावरील चकाकी कापल्याशिवाय मासा दिसत नाही. तांबूस किंवा पिवळसर काचा उथळ पाण्यासाठी उत्तम. रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा फिकट सदरा, डाग न पाडणाऱ्या तळव्याचे बूट आणि भरपूर पाणी घ्यावे. पाण्यात उतरून चालायचे झाल्यास पाऊल उचलून न टाकता घासत पुढे न्यावे. वाळूत दडलेले पाकट त्यामुळे आधीच निघून जाते आणि त्याच्या काट्यापासून बचाव होतो.

पकडलेला मासा परत सोडणे

मासा हा ज्यांच्या ताटाचा अविभाज्य भाग आहे, अशा कोकणी-मुंबईकर मंडळींना हा भाग चमत्कारिक वाटतो. शेकडो डॉलर मोजून पकडलेला मासा परत सोडायचा! पण फ्लोरिडात बोनफिश आणि टारपन २०१३पासून केवळ पकडून सोडण्यासाठीच आहेत. टारपनच्या बाबतीत विक्रमाच्या नोंदीसाठी विशेष परवान्याचा एकच अपवाद आहे, तर चाळीस इंचांहून मोठा टारपन पाण्याबाहेर काढण्यासही मनाई आहे. बेलीझ या देशाने २००९ मध्ये बोनफिश, परमिट आणि टारपन या तिघांनाही असेच संरक्षण दिले.

यामागे भावनेइतकाच व्यवहार आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार कीजमधील फ्लॅट्सच्या मासेमारीचे वार्षिक आर्थिक मूल्य सुमारे ४६.५ कोटी डॉलर होते. एकच मासा अनेकदा पकडला जातो, सोडला जातो आणि प्रत्येक वेळी एका गाईडचे घर चालवतो. हा मासा संकटातही आहे. जानेवारी २०१० मधील कडाक्याच्या थंडीत असंख्य मासे मेले. फ्लोरिडा उपसागरातील समुद्री गवत १९८७ आणि २०१५ मध्ये मोठ्या प्रमाणावर नष्ट झाले. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या संशोधनात तपासलेल्या ९३ बोनफिशच्या शरीरात सरासरी सात औषधांचे अंश सापडले. ही औषधे माणसाच्या सांडपाण्यातून समुद्रात पोहोचतात.

म्हणूनच सोडण्याची पद्धत महत्त्वाची. हात ओले करूनच माशाला स्पर्श करावा, शक्यतो त्याला पाण्यातच ठेवावे, छायाचित्राचा हव्यास आवरावा. फार वेळ झुंजवलेला किंवा हवेत धरलेला बोनफिश पोहून जाताना दिसला, तरी तोल गेल्याने थोड्याच अंतरावर मुशीच्या तोंडी पडतो. जवळ मुशी फिरत असेल, तर गाईड तेथून होडी हलवतो. तो असे करतो का, आणि गवतावरून इंजिन न चालवता काठी हाती घेतो का, यावरून त्याची पारख करावी. पंख्याने कापलेले गवत पुन्हा उगवायला वर्षे लागतात.

परवाना, पैशांची अट, भरतीची वेळ आणि स्वतःची कुवत, या चार गोष्टी आरक्षणापूर्वी स्पष्ट झाल्या, तर निराशेची बहुतेक कारणे दूर होतात. उरतो तो मासा. तो येईल किंवा येणारही नाही. पण नितळ पाण्यातून सरकत आलेली ती राखाडी सावली एकदा स्वतःच्या डोळ्यांनी ओळखता आली, की दिवसाचे पैसे वसूल झाले असे म्हणायला हरकत नाही.