गिअर का करकरतो?

मोटार चालवायला नव्याने शिकणाऱ्याने गिअर बदलला की होणारा 'खर्रर्र' असा आवाज आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याचे कारणही उघड असते : क्लच पुरता दाबलेला नसतो. परंतु सराईत चालकाच्या हाती असलेली जुनी स्पोर्ट्स कार असा आवाज करू लागली, तर दोष कोठे शोधायचा? गिअरबॉक्स उतरवून उघडणे हे खर्चाचे काम आहे, आणि दोष मुळात तिच्यात नसेल तर तो खर्च वाया जातो. आवाजाचा अर्थ लावायचा तर गिअरबॉक्सचा इतिहास थोडा पाहावा लागतो.

इंजिन फेऱ्यांच्या एका ठराविक टप्प्यातच चांगला जोर देते. चाकांचा वेग मात्र सारखा बदलत असतो. म्हणून मध्ये लहानमोठ्या दंतचक्रांच्या जोड्या ठेवाव्या लागतात. १८९० च्या दशकाच्या आरंभी फ्रान्समधील पानार आणि लव्हासॉर यांच्या मोटारींमध्ये ही चक्रे दांड्यावर सरकवून एकमेकांत अडकवीत असत. वेगवेगळ्या गतीने फिरणारी चक्रे दात भिडवून जोडायची, म्हणजे दातांवर दात आपटणारच!

एक उदाहरण घेऊ. समजा चाकांकडे जाणारा दांडा मिनिटाला २००० फेरे घेत आहे. तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.५ आणि दुसऱ्याचे २ आहे. तिसऱ्या गिअरमध्ये क्लचकडील दांडा ३००० फेरे घेतो. दुसरा गिअर बिनआवाज पडायचा तर त्याची गती ४००० व्हायला हवी. हे जास्तीचे १००० फेरे त्याला कोण देणार?

त्या काळी हे काम चालक करी. क्लच दाबून गिअर न्यूट्रलमध्ये आणायचा, क्लच सोडून ॲक्सिलरेटरने इंजिनाची गती वाढवायची, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकायचा. आपल्याकडील ट्रकचालक यालाच 'डबल क्लच' म्हणत. पुढे दंतचक्रे कायमची एकमेकांत गुंतवून ठेवण्याची पद्धत रूढ झाली. हवे ते चक्र दांड्याशी जोडण्याचे काम सरकत्या कड्याकडे आणि चक्राच्या कडेच्या लहान दातांकडे आले. आजच्या मोटारीत पुढचे गिअर बदलताना जी करकर ऐकू येते ती या लहान दातांची असते, मुख्य चक्रांची नव्हे.

चालकाचे हे कसब यंत्राकडे सोपवले ते अर्ल थॉम्पसन या अमेरिकन अभियंत्याने. त्याची 'सिंक्रोमेश' रचना कॅडिलॅक मोटारीत १९२८ साली आली. तिचे तत्त्व साधे आहे. दात भिडण्यापूर्वी दोन शंकूच्या आकाराचे पृष्ठभाग एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणाने दोघांची गती समान होते. वर्गात हे दाखवायला एकात एक बसणारे स्टीलचे दोन पेले पुरतात. आतला पेला हलकेच दाबून फिरवला तर बाहेरचाही फिरू लागतो. उतार थोडाच असल्याने पाचरीप्रमाणे थोड्या दाबाने मोठी पकड मिळते. नंतरच्या रचनांमध्ये पितळी कड्यावर अडसराचे दातही आले. गती समान होईपर्यंत ते सरकत्या कड्याला पुढे जाऊच देत नाहीत.

पोर्शे कंपनीच्या ३५६ या मोटारीत आरंभी फोक्सवॅगनची सिंक्रोमेश नसलेली गिअरबॉक्स होती. १९५२ साली पोर्शेने स्वतःची रचना आणली. तिच्यात शंकूऐवजी एके ठिकाणी कापलेले, फाकून घट्ट होणारे पोलादी कडे होते. १९७२ ते १९८६ च्या ९११ मोटारींतील '९१५' क्रमांकाच्या गिअरबॉक्समध्येही हीच जातकुळी होती, आणि क्लच तारेने ओढला जाई. १९८७ च्या मॉडेलपासून आलेल्या 'जी ५०' या गिअरबॉक्समध्ये अडसराच्या शंकूची बोर्ग-वॉर्नर पद्धत घेतली गेली, आणि क्लचही द्रवदाबावर चालू लागला.

आता निदानाकडे वळू. सिंक्रोमेशचे कडे लहान असते. क्लच पूर्ण सुटलेला असेल तर त्याला फक्त क्लचची तबकडी, दांडा आणि चक्रे यांचीच गती बदलायची असते. क्लच अर्धवट सुटला, तर साऱ्या इंजिनाचे ओझे त्या कड्यावर पडते. ते हरते आणि दात करकरतात. म्हणजे कडे निर्दोष असूनही आवाज येऊ शकतो.

म्हणून पहिली परीक्षा क्लचची. '९१५' मध्ये रिव्हर्स गिअरला सिंक्रोमेश नाही. मोटार उभी ठेवून, इंजिन मंद चालू ठेवून क्लच पूर्ण दाबावा. दांडा थांबायला काही सेकंद द्यावेत आणि मग रिव्हर्स टाकावा. तरीही करकर झाली, तर क्लच पुरता सुटत नाही. अशा वेळी तारेचा ताण आधी तपासावा. ही दुरुस्ती गिअरबॉक्स न उघडता होते.

क्लच ठीक असेल, तर दुसरा प्रश्न : आवाज सर्व गिअरांत की एकाच? एकाच गिअरमध्ये, आणि तोही घाईने बदलताना येत असेल, तर त्या गिअरचे कडे झिजले असण्याचा संभव मोठा. सर्वच गिअर करकरत असतील, तर तेलाकडे पाहावे. तेल फार घट्ट असेल तर कड्याची पकड उशिरा बसते, आणि फार निसरडे असेल तर घर्षणच अपुरे पडते.

तिसरी परीक्षा आहे जुन्या चालकांचा डबल क्लच. तसे करताच त्या एका गिअरचा आवाज नाहीसा झाला, तर उणीव गती जुळवण्याचीच होती. जे काम कड्याने करायचे ते आपल्या पायाने केले. मात्र गिअर आपोआप निसटत असेल, तर लहान दातांची टोके बोथट झालेली असू शकतात. करकर दीर्घकाळ सोसल्याचा तो परिणाम असतो, आणि मग पेटी उघडण्यावाचून गत्यंतर नसते.

येथे एका वेळी एकच शक्यता बाजूला काढली आहे, आणि आरंभ स्वस्त परीक्षेपासून केला आहे. वर्गातील विद्युतमंडलात दिवा लागत नसेल, तेव्हा विद्यार्थ्यांकडून हाच क्रम करवून घेता येईल : आधी जोडण्या, मग घट, आणि शेवटी दिवा.