काळी गाडी, पांढरी गाडी आणि स्वर्ल मार्क : मोटारीच्या रंगाचा इतिहास

नवी मोटार घेताना मॉडेल आणि किंमत ठरते, आणि मग घरातले सगळे रंगापाशी अडतात. कुणाला काळा हवा असतो, कारण तो ऐटदार दिसतो. कुणी म्हणते पांढरा घ्या, जुना झाला तरी विकताना भाव येतो. तुमच्या घरीही हे झाले असेल. या वादात एक मुद्दा सहसा निघत नाही. गाडी रोज पुसली की सहा महिन्यांत तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे उमटतात, आणि ते काही रंगांवर फार दिसतात. त्यांना स्वर्ल मार्क म्हणतात. ही तक्रार मोटारीइतकी जुनी नाही. ती कधी आणि का जन्मली हे कळले की रंग निवडणे बरेच सोपे होते.

आधी थोडे प्रकाशशास्त्र. एखादी काळी गाडी उन्हात उभी असेल तर बॉनेटवर सूर्याचे प्रतिबिंब शोधा. त्याभोवती गोल गोल रेघा दिसतील. आता मान थोडी हलवा. ती वर्तुळेही तुमच्याबरोबर सरकतात. म्हणजे ओरखडे मुळात गोल नाहीत. ते सगळ्या दिशांना पसरलेले आहेत, पण प्रतिबिंबाभोवती जे स्पर्शरेषेसारखे आडवे पडलेले असतात तेवढेच प्रकाश तुमच्या डोळ्याकडे वळवतात. बाकीचे त्या क्षणी दिसत नाहीत. काळा थर आत गेलेला बहुतेक प्रकाश शोषून घेतो, त्यामुळे ओरखड्यावरून विखुरलेला थोडासा प्रकाशही उठून दिसतो. पांढरा थर आधीच सगळीकडे प्रकाश विखुरत असतो, त्यात ही भर हरवून जाते. पांढऱ्या गाडीवर ओरखडे कमी पडत नाहीत, फक्त कमी दिसतात.

मग प्रश्न असा की 1914 ते 1925 या काळात फोर्डची मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळत होती आणि लाखो लोक ती चालवत होते, तर त्यांना हे जाळे का खुपले नाही? कारण तो काळा वेगळा होता. जवसाचे तेल आणि डांबरासारखे पदार्थ यांच्यापासून केलेला तो रंग भट्टीत भाजून पक्का करत. तो स्वस्त होता, टिकाऊ होता, पण आजच्यासारखा आरसा त्यात दिसत नसे. त्या काळच्या महागड्या गाड्यांवर व्हार्निशचे थरावर थर चढवायला आठवडेच्या आठवडे लागत आणि तरी ते पिवळे पडत, तडकत. चमकच टिकत नव्हती, तिथे चमकेवरच्या बारीक रेघा कोण पाहणार?

1923 मध्ये जनरल मोटर्सने ओकलंड गाडीवर ड्यू पाँ कंपनीचा ‘ड्यूको’ हा नवा रंग वापरला. तो नायट्रोसेल्युलोजपासून केलेला, म्हणजे रसायनशास्त्राच्या दृष्टीने बंदुकीच्या दारूचा नातेवाईक. ड्यू पाँ ही मुळात स्फोटके बनवणारी कंपनी होती, त्यामुळे यात नवल नाही. हा रंग फवारता येई, काही तासांत वाळे, आणि हव्या त्या छटेत मिळे. आपल्याकडे सुतार आजही कपाटाला ‘ड्यूको मारू का’ असे विचारतो. हा शब्द ओकलंडच्या त्या निळ्या गाडीकडून फिरत फिरत त्याच्यापर्यंत आला आहे, हे त्याला सांगून पाहा.

ड्यूकोची एक खोड आपल्या विषयाला महत्त्वाची आहे. फवारल्यावर तो मंद दिसे. कंपाउंड लावून घासल्यावरच तो चमके. म्हणजे घासणे हा रंगकामाचाच भाग होता, आणि रंग वरपासून खालपर्यंत एकच असल्याने घासले की कापडाला तो रंग लागायचा.

याचा आपल्याजवळचा नमुना म्हणजे मुंबईची काळी-पिवळी. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट, पुढची पद्मिनी, ही मुंबईची टॅक्सी झाली. टप पिवळा, खालचे अंग काळे. धूळ, खारी हवा, रोज सकाळी एकाच फडक्याने पुसणे, म्हणजे स्वर्ल मार्कसाठी याहून चांगली परिस्थिती नाही. पण तिथली तक्रार ‘रंग उडाला’ किंवा ‘गंज आला’ अशी असायची. उन्हाने वरचा पापुद्रा पांढुरका व्हायचा, पॉलिशने तो निघायचा, खालचा ताजा काळा वर यायचा आणि त्याच्याबरोबर ओरखडेही जायचे. फारच झाले तर गॅरेजमध्ये पुन्हा रंग. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर 2023 मध्ये ही गाडी टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली.

खरा बदल क्लिअर कोटने केला. मेटॅलिक रंगात अॅल्युमिनियमचे बारीक कण असतात. ते उघडे राहिले तर हवा-पाण्याने काळवंडतात. म्हणून रंगाचा पातळ थर आणि त्यावर पारदर्शक, रंगहीन थर अशी पद्धत आली आणि 1980 च्या दशकात ती जगभर पसरली. वरच्या थरात अतिनील किरण शोषणारी द्रव्ये असतात, त्यामुळे चमक वर्षानुवर्षे टिकते. पण याची किंमत ओरखड्यांच्या रूपात चुकवावी लागली. आता काळ्या रंगावर जणू काचेचा थर आला आणि त्या काचेवरची प्रत्येक रेघ खालच्या अंधारावर उजळून दिसू लागली. चमक टिकली म्हणून ओरखडाही टिकला.

इथे आकडे लक्षात ठेवा, कारण तुमच्या पैशाचा प्रश्न आहे. गाडीवरचा सगळा रंग मिळून साधारण 100 ते 120 मायक्रॉन, म्हणजे वहीच्या एका कागदाएवढा. त्यात क्लिअर कोट 35 ते 50 मायक्रॉन. यंत्राने पॉलिश करून जाळे घालवतात तेव्हा ओरखडा बुजवत नाहीत, त्याच्या तळापर्यंतचा थर खरवडून काढतात. दर वेळी दोन-चार मायक्रॉन जातात आणि ते परत येत नाहीत. दरवर्षी ‘पेंट करेक्शन’ करून घेणारा माणूस गाडी जपतो आहे असे मला वाटत नाही.

कारखान्यांनी उपाय शोधले. गाडी धुण्याच्या ब्रशाखाली क्वार्ट्जची पूड टाकून रंगाची परीक्षा घेण्याची पद्धत आंतरराष्ट्रीय मानक झाली. मर्सिडीजने 2003 च्या सुमारास सिरॅमिकचे अतिसूक्ष्म कण असलेला क्लिअर कोट आणला, निसानने 2005 मध्ये स्वतः भरून येणारा लवचीक थर. ओरखडे कमी झाले, संपले नाहीत.

आता हे सगळे अहिवाऱ्याला लावून पाहू. अहिवारा भिलाईच्या उत्तरेला, नंदिनीच्या चुनखडीच्या खाणींना लागून आहे. या खाणींची चुनखडी भिलाईच्या पोलाद कारखान्याला जाते. जवळच जामुलला सिमेंटचा कारखाना आहे. मोहच्या मापनात चुनखडी 3 आणि रस्त्याच्या मातीतले क्वार्ट्ज 7. क्लिअर कोट म्हणजे शेवटी प्लास्टिकच, काचेपेक्षा कितीतरी मऊ. अशा धुळीवरून कोरडे फडके फिरवणे म्हणजे पॉलिश पेपर फिरवणे. सिमेंटची धूळ दवाने भिजली की तिथेच घट्ट बसते, आणि मग माणूस जोर लावून घासतो.

म्हणून इथे गडद साधे रंग, म्हणजे काळा, गडद निळा, मरून, मी सुचवणार नाही. पांढरा ओरखडे लपवतो आणि उन्हाळ्यात कमी तापतो. पण पोलाद कारखान्याच्या किंवा रेल्वेच्या जवळ त्याची एक अडचण आहे : हवेतले लोखंडाचे कण रंगात रुततात, गंजतात आणि पांढऱ्यावर तपकिरी ठिपके दिसू लागतात. ते काढायला पुन्हा रसायन आणि घासणे आले. चंदेरी किंवा फिका राखाडी मेटॅलिक हा इथला शहाणा पर्याय. त्यातले कण आधीच चमचमत असतात, त्यामुळे डोळ्याला ओरखडा वेगळा ओळखू येत नाही, आणि ठिपकेही तितके खुपत नाहीत.

काळाच हवा असेल तर जरूर घ्या, पण आधी भरपूर पाण्याने धूळ वाहू द्या, मग दोन बादल्या ठेवा, एक साबणाची आणि एक कापड खळबळायची, आणि पिसांचा झाडू गाडीत ठेवूच नका. शोरूममध्ये छताखालच्या पसरट उजेडात रंग ठरवू नका. त्याच रंगाची चाचणीसाठी ठेवलेली गाडी बाहेर उन्हात काढायला सांगा, कारण ती रोज धुतलेली असते. ऊन नसेल तर मोबाइलचा टॉर्च दारावर धरा. आणि ताबा घेण्याच्या दिवशी गाडी धुऊन देऊ नका असे आदल्या दिवशीच सांगून ठेवा, कारण पहिले जाळे बहुधा तिथल्याच फडक्याने पडते.