प्रसूतिपूर्व तपासणी
गरोदर स्त्री व गर्भ यांच्या प्रकृतीवर बाळंतपणापर्यंत ठेवलेली नियमित वैद्यकीय देखरेख. भारतात पहिल्या १२ आठवड्यांत नोंदणी व किमान ४ तपासण्या अपेक्षित आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये ८ भेटींची शिफारस केली. वजन, हिमोग्लोबिन, धनुर्वाताची लस, लोहाच्या गोळ्या हे नेहमीचे. खरी कसोटी रक्तदाबाची. तो १४०/९० वर गेला आणि लघवीत प्रथिने आढळली, तर झटके येण्याचा धोका असतो. पायांची सूज, डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी ‘दिवसच तसे आहेत’ म्हणून अंगावर काढणे जिवावर बेतते. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दरमहा ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत मोफत तपासणी होते. जोखमीच्या मातेच्या कार्डावर लाल खूण लावतात.