अठ्ठावन्न ते सत्तर

परवा न्यू जर्सीहून थोरल्या चुलतभावाचा फोन आला. नुकतीच पासष्टी झाली त्याची. शुभेच्छा द्यायच्या आधीच म्हणाला, "अरे, मेडिकेअर सुरू झालं बाबा एकदाचं!" वाढदिवसापेक्षा याचाच आनंद जास्त. तिथेही दरमहा हप्ता भरावा लागतोच, दात नि चष्मा मूळ योजनेत नाहीतच, हेही त्यानं सांगितलं. फोन ठेवला आणि मला अण्णा आठवले.

अण्णा म्हणजे माझे वडील. परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. १९९४ साली ५८ व्या वर्षी निवृत्त झाले. नोकरीत असताना दवाखान्याची बिलं सादर केली की पैसे परत मिळायचे. शाल-श्रीफळ मिळालं त्या दिवशी ती सोय संपली. आणि बीपीची गोळी नेमकी त्याच वर्षी सुरू झाली! अण्णा म्हणायचे, "सरकारनं अठ्ठावन्नला सोडलं अन् दुखण्यानं तिथंच धरलं बघ."

हे असं का, म्हणून थोडं मागे जाऊन पाहिलं. आपल्याकडे आजारपणाची सोय मुळात नोकरीला बांधलेली. कामगार राज्य विमा कायदा १९४८ चा. तो झाला तेव्हा परभणी अजून निजामाच्या राज्यात होती. १९५२ मध्ये योजना सुरू झाली ती कानपूर आणि दिल्लीत. १९५४ मध्ये केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी आरोग्य योजना आली, तीही दिल्लीत. म्हणजे आधी पगारदार आणि आधी मोठी शहरं. म्हातारपण हाच निकष धरून काही करावं, हे तेव्हा कुणाच्या यादीत नव्हतं.

अमेरिकेत ३० जुलै १९६५ ला अध्यक्ष जॉन्सन यांनी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली. पहिलं कार्ड माजी अध्यक्ष ट्रुमन यांना दिलं. नोकरी असो वा नसो, पासष्टीला दार उघडणार. आपल्याकडे सर्वसामान्यांना विकत घेता येईल असा मेडिक्लेम आला १९८६ मध्ये. सरकारी विमा कंपन्यांनी आणला, पण त्यात एक मेख होती. पॉलिसी घेताना जो आजार आहे, तो त्यातून वगळलेला.

अण्णांनी निवृत्तीनंतर चौकशी केली होती. ओळखीचा एजंट घरी आला, चहा झाला. तो म्हणाला, "मास्तर, पॉलिसी निघंल, पण बीपी अन् त्यातून उद्भवणारं काही त्यात धरत नाहीत." अण्णांनी हात जोडले. २००१ मध्ये हृदयाचं दुखणं निघालं. रेल्वेनं औरंगाबादला नेलं, बायपास झाली, आणि दोन एकर रान विकलं. अण्णा पुढे सात वर्षं जगले, पण त्या रानाच्या वाटेनं पुन्हा कधी गेले नाहीत.

मग हळूहळू दारं उघडली. राज्याची राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ ला ८ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात शेजारचं नांदेड होतं, परभणी नव्हती. आपली पाळी आली २१ नोव्हेंबर २०१३ ला. २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं, आणि २०२४ पासून पांढऱ्या रेशनकार्डालाही ५ लाखांपर्यंत संरक्षण आलं. २९ ऑक्टोबर २०२४ ला आयुष्मान भारत सत्तरीपुढच्या सगळ्यांना लागू झालं, उत्पन्न काहीही असो. मेडिकेअरनंतर ५९ वर्षांनी!

तरी एक गोष्ट उरतेच. या योजना दवाखान्यात भरती झाल्यावरच्या, ठरलेल्या दवाखान्यांतल्या आणि ठरावीक उपचारांच्या. महिन्याची गोळी, तपासण्या, डॉक्टरची फी आणि गाडीभाडं पेन्शनीतूनच जातं. अण्णांच्या हिशेबाच्या वहीत 'औषध' हा शब्द दर महिन्याला आहे. 'बायपास' एकदाच.

मी आता ५५ चा आहे. नोकरी खाजगी, ५८ ला संपेल. कंपनीचा गट विमाही तेव्हाच संपेल. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांनी असलेल्या आजारासाठी थांबायचा काळ जास्तीत जास्त ३ वर्षांवर आणला आहे. म्हणजे आज स्वतःची पॉलिसी घेतली, तर निवृत्तीच्या दिवशी माझं बीपी त्यात धरलेलं असेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला. परवा फॉर्म भरला. बीपीच्या रकान्यात 'आहे' असं स्वच्छ लिहिलं. लपवलं असतं तर पुढे दावा नाकारायला तेवढं कारण पुरलं असतं.

हप्ता जड आहे, नाही असं नाही. पण राहिलेलं रान मला विकायचं नाही.

तुमच्या घरात कुणी पंचावन्नला टेकलंय का? एकदा विचारून बघा.