विळा केव्हा लावावा?

घोडपदेव हे नाव उच्चारताच कानाला घोड्याची चाहूल लागते. नावाचा उगम काहीही असो, भायखळा-माझगावच्या या टापूला घोडा परका नव्हता. महालक्ष्मीचे मैदान होण्यापूर्वी शर्यती भायखळ्यास होत. १८७४ साली मुंबईत सुरू झालेली ट्राम १९०५ पर्यंत घोड्यांनीच ओढली. परळला १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय निघाले.

या शहरी जनावराची एक अडचण आपल्या सहसा ध्यानात येत नाही. कुरणात चरणारे जनावर कोवळा पाला स्वतः निवडते. तबेल्यात बांधलेल्याला ती मुभा नाही. त्याच्या वतीने निवड करतो तो विळा. म्हणूनच चारा कोणत्या दिवशी कापला, या प्रश्नाला महत्त्व येते.

लसूणघासाचेच उदाहरण घेऊ. हे पीक घोड्याच्या सोबतीनेच जगभर फिरले. त्याच्या जुन्या इराणी नावाचा अर्थच मुळी 'घोड्याचे खाद्य' असा आहे; त्यातला 'अस्प' म्हणजे आपला 'अश्व'. दरायसच्या स्वाऱ्यांबरोबर ते ग्रीसमध्ये गेले, असे रोमन लेखक प्लिनी सांगतो. पहिल्या शतकातल्या या गृहस्थाने कापणीचा नियमही देऊन ठेवला आहे: फुलू लागताच कापावे आणि पुन्हा फुलेल तेव्हा पुन्हा कापावे.

पुढे रसायनशास्त्राने या नियमाचे कारण दाखवले. घासातली बहुतेक प्रथिने पानांत असतात. फुलोरा वाढतो तसा देठ जाडावतो, त्यात काष्ठतंतू भरतात, खालची पाने गळतात. भारा जड होतो, पण सत्त्व उतरते. मग अगदी कोवळाच का कापू नये? तर वारंवार लवकर कापल्याने मुळांतला साठा संपतो आणि पीक लवकर विरळ होते. शिवाय ओला कोवळा घास भरपेट खाल्ला, तर गाई-म्हशींचे पोट फुगते. म्हणून सुमारे दहांत एक झाड फुलावर आले, की विळा लावावा. आपल्याकडे पहिली कापणी पेरणीनंतर साधारण ५० ते ६० दिवसांनी आणि पुढच्या २५ ते ३० दिवसांनी होतात, त्या याच हिशेबाने.

आता खरी गोम पाहा. चारा वजनावर विकला, तर थांबण्यात विकणाऱ्याचा फायदा आणि खाणाऱ्याचा तोटा. तराजूला देठ आणि पान यांतला भेद कळत नाही.

१९४९ साली आरे वसाहत उभी राहिली आणि शहरातल्या हजारो म्हशी तिकडे गेल्या. २०१५ साली उच्च न्यायालयाने मुंबईतल्या हौशी घोडागाड्याही बेकायदा ठरवल्या. तरी आपला संबंध तुटलेला नाही. सकाळी घोडपदेवच्या चाळीत येणारे दूध आजही कुठल्या तरी गोठ्यातल्या बांधलेल्या जनावराचेच असते. आपण त्याचा भाव विचारतो. त्या गाईपुढे पडलेला घास कोणत्या दिवशी कापला होता, हेही कधी विचारून पाहावे.